पार्सलचा चिकन राईस: भात गिच्च का होतो आणि उरलेला खावा का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. घराजवळच्या एका रेस्टॉरंटमधून आपण पहिल्यांदाच चिकन राईसचे पार्सल आणले. डबा उघडला तेव्हा भात गिच्च होऊन त्याचा गोळा झाला होता, छातीचे तुकडे कोरडे पडले होते आणि तंगडीच्या हाडाजवळचे मांस गुलाबी दिसत होते. निम्मे जेवण उरले. ते डब्यातच सुमारे अडीच तास टेबलावर राहिले आणि झोपण्यापूर्वी आपण डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवला. आता आपल्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हे रेस्टॉरंट वाईट समजावे का, चिकन कच्चे होते का, आणि उरलेले आज चांगले गरम करून खाल्ले तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो डबा अजून आपल्या फ्रीजमध्ये आहे. त्यातला भात खाऊ नका आणि त्याच डब्यातले चिकनही खाऊ नका. वास चांगला येत असला आणि चव बिघडलेली वाटत नसली, तरीही ते टाकून द्या.

उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतकी सरळ नाहीत. रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मी अनेक वर्षे काम केले आहे आणि त्यातला बराच काळ पार्सलच्या काउंटरची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे, की पार्सलचे जेवण बिघडते ते बहुतेक वेळा शिजवताना नव्हे, तर चुलीवरून उतरल्यानंतर. भाताचा गोळा होणे, चिकनचा चोथा होणे आणि उरलेले अन्न धोक्याचे ठरणे, या तिन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे: अन्नातली उष्णता आणि वाफ त्या मधल्या वेळात कुठे गेली आणि कुठे अडकून राहिली. हाडाजवळच्या गुलाबी रंगाचा विषय तेवढा वेगळा आहे, त्याकडे नंतर येतो.

यात बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. रेस्टॉरंटपासून घर किती दूर आहे, त्या दिवशी हवा किती गरम होती, भात त्याच वेळी शिजवलेला होता की आधी शिजवून ठेवलेला भात परतून दिला होता, आणि घरात जेवणारे कोण आहेत, यानुसार उत्तर बदलते. निरोगी प्रौढ माणसाला जो त्रास दिवसभरात उतरतो, तोच गरोदर स्त्रीला, लहान मुलाला, वृद्धांना किंवा आजारामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला गंभीर होऊ शकतो. म्हणून पुढे जे आकडे देतो ते सावधपणाच्या बाजूला झुकलेले आहेत, असे समजून वाचावेत.

पार्सल आणणारे बहुतेक लोक चिकनला घाबरतात आणि भाताबद्दल निर्धास्त असतात. चिकनची काळजी घ्यायलाच हवी, परंतु उरलेल्या अन्नाचा प्रश्न येतो तेव्हा माझे लक्ष आधी भाताकडे जाते. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची सुप्त रूपे, असू शकतात. हा जीवाणू मातीत सर्वत्र आढळतो. भात शिजताना जीवाणू मरतात, पण त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरून राहतात. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला, की ते रुजतात, जीवाणू भराभर वाढतात आणि त्यांचे काही प्रकार सेरुलाइड नावाचे विष भातातच तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअस तापमानातही तासाभराहून अधिक काळ टिकते. मायक्रोवेव्ह, तवा किंवा वाफेचे भांडे यांपैकी कशानेही ते नष्ट होत नाही. ‘चांगले कडकडीत गरम केले की सगळे मरते’ हा घरोघरी ऐकू येणारा दिलासा इथे उपयोगाचा नाही, कारण जीवाणू मेला तरी त्याने आधीच तयार केलेले विष मागे उरते. असा भात खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. याच जीवाणूचे दुसरे प्रकार आतड्यात गेल्यावर विष तयार करतात. त्यांचा त्रास काही तास उशिरा, पोटात कळा आणि जुलाब यांच्या रूपाने दिसतो. नाकाला किंवा जिभेला मात्र यातले काही जाणवेलच असे नाही.

या आजाराचा भाताशी असलेला संबंध १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये स्पष्ट झाला, आणि तोही पार्सल देणाऱ्या चिनी रेस्टॉरंटमधल्या फ्राइड राईसमुळे. तिथे भात मोठ्या प्रमाणावर उकडून रात्रभर बाहेरच ठेवला जात असे. फ्रीजमध्ये ठेवला तर शिते एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि परतताना ती मोकळी होत नाहीत, म्हणून आचारी फ्रीज टाळत. मी स्वतः आचारी असल्यामुळे त्या माणसांची अडचण मला नेमकी कळते. भात मोकळा राहावा यासाठी त्यांनी जे केले, त्यानेच लोक आजारी पडले. मोकळा भात आणि सुरक्षित भात यांच्या गरजा पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि पार्सलच्या कामातली खरी कसरत हीच आहे.

आता आपल्या भाताचा गोळा का झाला ते पाहू. डबा उघडल्यावर झाकण उलटे करून त्याच्या आतल्या बाजूकडे कधी नीट पाहिले आहे का? तिथे पाण्याचे टपोरे थेंब दाटीने बसलेले असतात आणि झाकण हलवले की ते एकमेकांत मिसळून ओघळतात. हे पाणी भातातूनच निघालेले असते. गर्दीच्या वेळी काउंटरवर पातेल्यातला वाफाळता भात थेट डब्यात दाबून भरला जातो, त्यावर चिकन ठेवले जाते, झाकण घट्ट लावून डबा पिशवीत जातो आणि पिशवीला गाठ मारली जाते. वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती झाकणाला लागून थंड होते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा भातावर ठिबकते. वरची शिते त्या पाण्याने फुगून फुटतात, खालची चिकनच्या सुटलेल्या रसात भिजतात आणि मधली वरच्या वजनाने दबतात. अर्ध्या तासाच्या वाटेत उत्तम मोकळ्या भाताचा गोळा व्हायला इतके पुरेसे असते.

माझ्या स्वयंपाकघरात यासाठी एक साधी पद्धत होती. पार्सलचा भात आधी पसरट ट्रेमध्ये काढायचा, काट्याने हलकेच मोकळा करायचा, दोनेक मिनिटांत पहिली जोरदार वाफ निघून जाऊ द्यायची, आणि मग डब्यात न दाबता, वर थोडी जागा ठेवून भरायचा. चिकन वेगळ्या डब्यात आणि सॉस किंवा ग्रेव्ही तिसऱ्या लहान डब्यात. याहून जास्त वेळ भात उघडा ठेवणे मी कधीच मान्य केले नाही, कारण गरम द्यायचे अन्न ६० अंशांच्या वरच राहिले पाहिजे. ५ ते ६० अंश हा पट्टा जीवाणूंच्या वाढीला सोयीचा असतो. हे डबे वेगळे करण्याचे काम ऐकायला क्षुल्लक वाटते, परंतु एका वेळी वीस पार्सले उभी असतात तेव्हा तेच सर्वांत आधी सोडून दिले जाते, आणि त्याचा परिणाम ग्राहकाच्या ताटात दिसतो.

तांदळाची जात हाही मुद्दा आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. ज्या तांदळात अमायलोज जास्त, त्याचा भात मोकळा होतो. बहुतेक लांब दाण्याचे तांदूळ या गटातले. आखूड दाण्याच्या अनेक जातींत अमायलोज कमी असते आणि त्यांचा भात मुळातच चिकट होतो. रेस्टॉरंटने असा तांदूळ वापरला असेल, तर चिकटपणा हा त्या पदार्थाचा गुण आहे, दोष नाही. तेव्हा शिते फुटलेली आणि पाणचट होती, की अखंड राहून एकमेकांना चिकटलेली होती, हे आठवून पाहा. पहिली अवस्था वाफेने केलेली असते, दुसरी तांदळाच्या जातीची.

कोरड्या छातीच्या तुकड्यांबद्दल मी रेस्टॉरंटला पूर्ण दोष देणार नाही. कोंबडीचे मांस सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे, असा अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला आहे आणि व्यावसायिक स्वयंपाकघरांत हाच आकडा बहुधा पाळला जातो. अडचण अशी, की छातीच्या मांसात चरबी आणि जोडऊती (मांसाचे तंतू एकत्र बांधणारा चिवट भाग) दोन्ही कमी असतात, आणि ६५ अंशांच्या पुढे त्यातली प्रथिने आकसून आतले पाणी पिळून बाहेर काढू लागतात. म्हणजे सुरक्षित आणि रसदार यांच्यातले अंतर इथे फारच थोडे असते. त्यात तो तुकडा कडकडीत गरम असतानाच बंद डब्यात गेला, तर आतल्या उष्णतेने तो आणखी शिजत राहतो. तंगडी आणि मांडी यांचे तसे नाही. त्यांच्या जोडऊतीतले कोलेजन नावाचे चिवट प्रथिन जास्त शिजल्यावर विरघळून मऊ जिलेटिन होते, त्यामुळे मांस मऊ आणि ओलसर राहते. पार्सल मागवताना मी स्वतः नेहमी मांडीचे तुकडे मागतो, आणि ते हाडासकट असतील तर अधिक चांगले, कारण मोठा तुकडा वाटेत लवकर कोरडा पडत नाही.

हाडाजवळच्या गुलाबी रंगाने आपल्याला सर्वांत जास्त अस्वस्थ केलेले दिसते, आणि ते साहजिक आहे. परंतु केवळ रंगावरून चिकन कच्चे ठरवता येत नाही. बाजारात येणाऱ्या कोंबड्या कमी वयाच्या असतात, त्यांची हाडे पूर्ण टणक झालेली नसतात आणि हाडांच्या पोकळीतल्या मगजातले लाल रंगद्रव्य त्यांतून झिरपून लगतच्या मांसात येते. मांस गोठवून नंतर वापरले असेल तर हे अधिक ठळक दिसते. असे मांस पूर्ण शिजले तरी हाडाच्या कडेने लालसर किंवा अगदी काळपटही राहू शकते. धुरावर किंवा गॅसच्या भट्टीत भाजलेल्या चिकनच्या बाहेरच्या थरालाही गुलाबी छटा येते, आणि तीही कच्चेपणाची खूण नसते.

मग ओळखावे कसे? शिजवणाऱ्याकडे तापमापक असतो आणि त्याच्यासाठी तीच एकमेव खात्रीची कसोटी आहे. आपल्या हातात डबा येतो तेव्हा चिकन थंड होऊ लागलेले असते, त्यामुळे त्या वेळी मोजलेले तापमान ते आधी किती तापले होते याबद्दल काहीच सांगत नाही. तेव्हा रंगाऐवजी पोत पाहावा. तंगडीचा एक तुकडा हाडापासून ओढून पाहा. शिजलेले मांस तंतू तंतू होऊन सुटते, हाड बऱ्यापैकी स्वच्छ निघते आणि मांस अपारदर्शक दिसते. कच्चे मांस हाडाला घट्ट धरून बसते, दाबले तर रबरासारखे लवचिक लागते, तुळतुळीत व किंचित पारदर्शक दिसते, आणि ते ओढताना तंतू सुटण्याऐवजी लगदा चिकटून येतो. यांपैकी काहीही दिसले तर तो तुकडा खाऊ नका. पोत ठीक असून मनात शंका राहिली, तर पार्सल आणल्या आणल्या तेवढे चिकन काढून, झाकण ठेवून, मधोमध ७४ अंश होईपर्यंत गरम करावे. सालमोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कोंबडीच्या मांसात आढळणारे दोन मुख्य जीवाणू या उष्णतेत मरतात. चिकन ताजे असेल तर हा उपाय खात्रीचा आहे. भातातल्या विषाला मात्र तो लागू होत नाही, हा फरक कृपया लक्षात ठेवावा.

पुढच्या वेळी पार्सल आणाल तेव्हा काय करावे, हेही सांगतो. नव्या रेस्टॉरंटची परीक्षा घ्यायची तर यादीतला सर्वांत साधा चिकन राईस मागवावा, कारण मसाल्याच्या आणि सॉसच्या आड बरेच काही झाकले जाते. भात आणि चिकन वेगळ्या डब्यांत द्यायला सांगावे. भात आत्ता शिजवलेला आहे की आधीचा परतून देणार, हे सरळ विचारावे. विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. शक्य असेल तर जेवणाच्या वेळेच्या सुरुवातीला, पण स्वयंपाकघर चालू लागल्यावर मागवावे, कारण अगदी शेवटच्या ग्राहकाला पातेल्याच्या तळाचा भात मिळण्याची शक्यता जास्त असते. घरी आल्यावर पिशवीची गाठ लगेच सोडावी, झाकण काढून त्यावरचे पाणी पुसावे, काट्याने भात वर-खाली करावा आणि लगेच जेवायला बसावे.

रेस्टॉरंटची पारख करताना ज्या गोष्टी खरोखर त्याच्या हातात होत्या, त्यांवरच बोट ठेवावे. भातात मीठ सगळीकडे सारखे होते का, तेलाला खवट किंवा करपट वास होता का, चिकनच्या आतपर्यंत चव मुरली होती का की फक्त वरून लावलेली होती, तुकडे साधारण एकाच आकाराचे होते का, हे प्रश्न वाटेतल्या वाफेवर अवलंबून नाहीत. या कसोट्यांवर पार्सल उतरले असेल आणि फक्त भात गिच्च झाला असेल, तर एकदा तिथे जाऊन तोच पदार्थ ताटात खाऊन पाहावा. आपण जे वर्णन केले आहे, त्यावरून मी तरी या रेस्टॉरंटला अजून नापास करणार नाही.

उरलेल्या अन्नाचा निर्णय जेवण सुरू होण्यापूर्वीच घ्यावा. सगळे संपणार नाही असे दिसत असेल, तर उष्टे होण्याआधी निम्मे काढून पसरट, उथळ डब्यात पातळ थरात घालावे, म्हणजे ते लवकर निवते. खोल डब्यात दाबलेला भात फ्रीजमध्ये ठेवला तरी त्याचा मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. आपल्या बाबतीत अडीच तासांवर हीही भर पडली. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासाच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. भातासाठी मी ऋतू कोणताही असला तरी एक तासच धरतो, आणि तो तास रेस्टॉरंटमधून पार्सल हातात घेतल्यापासून मोजतो. फ्रीजचे तापमान ५ अंश किंवा त्याहून कमी असावे. असा ठेवलेला भात २४ तासांच्या आत, एकदाच गरम करून संपवावा.

फ्रीजमधून काढलेला भात कडक लागला म्हणून तो खराब झाला असे नाही. शिजताना फुगलेला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट होतो, आणि फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया विशेष वेगाने होते. त्यावर दोन-तीन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम केला की तो बराचसा पुन्हा मऊ होतो. मायक्रोवेव्हमध्ये भात कडेने पसरून मध्ये खळगा ठेवावा, कारण मधला भाग सर्वांत उशिरा तापतो. मध्येच एकदा हलवावा आणि बाहेर काढल्यावर मिनिटभर झाकून ठेवावा. चिकन वेगळे गरम करावे, थोड्या रसात किंवा पाण्यात.

एक अपवाद मी कडकपणे पाळतो. परतलेला भात असेल, म्हणजे आधी शिजवून नंतर कढईत टाकलेला, तर त्याचा आधीचा प्रवास आपल्याला माहीत नसतो. तो किती वेळ बाहेर होता आणि किती वेळा तापवला गेला, हे फक्त ते स्वयंपाकघर जाणते. असा भात एकाच बैठकीत खावा आणि उरला तर ठेवू नये.

काल जेवलेल्यांपैकी कोणाला उलट्या किंवा जुलाब झाले असतील, तर पाणी व क्षार पोटात जात राहतील असे पाहावे. ताप, शौचातून रक्त किंवा पाणीही पोटात न टिकणे, यांपैकी काही दिसले, किंवा वर सांगितलेल्या नाजूक गटातले कोणी आजारी पडले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

रेस्टॉरंटला कळवावे का, हे आपण विचारले नाही, पण मी कळवावे असे म्हणेन. ‘जेवण चांगले नव्हते’ एवढ्याने स्वयंपाकघराला काही समजत नाही. पार्सल किती वाजता घेतले, डबा किती वाजता उघडला, चिकन भातावरच ठेवले होते, छातीचे तुकडे कोरडे होते आणि हाडाजवळचे मांस कसे सुटत होते, इतके नेमके सांगा आणि भात केव्हा शिजवला होता ते विचारा. ज्या व्यवस्थापकाला ती वेळ सांगता येते आणि जो पुढच्या वेळी डबे वेगळे देतो, त्याच्याकडे पुन्हा जायला हरकत नाही. ज्याला ती सांगता येत नाही, त्याच्याकडून फार तर चिकन आणावे आणि भात घरी शिजवावा.